साडेनऊ फुटी तलाव

मनुष्याची दृष्टी मुळातच अरुंद आहे. थोर विचारवंतांनी ही गोष्ट वेळोवेळी दुःखाने नोंदवून ठेवली आहे, आणि ती रुंद व्हावी म्हणून मानवजातीने तपश्चर्या, देशाटन, ग्रंथवाचन असे नाना उपाय करून पाहिले. कशाचाही म्हणावा तसा गुण आला नाही. अखेर दहा ते वीस मिलिमीटरची अल्ट्रा-वाइड झूम लेन्स निघाली आणि प्रश्न मिटला. ही लेन्स कॅमेऱ्याला लावली की मान न हलवता एकशे नऊ अंशांतलं जग एका दमात दिसतं. (वॉरंटी दोन वर्षं. ओरखडे वॉरंटीत येत नाहीत.)

भोपाळमधल्या बरखेड्यात राहणारे अच्युत वझलवार यांची दृष्टी अशीच गेल्या दिवाळीत रुंद झाली. वझलवार मूळचे नागपूरचे. एकतीस वर्षं कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात. समोर आलेला भाग मापात असेल तर हिरवा शिक्का, नसेल तर लाल, हे त्यांचं जीवनकार्य. फॉर्मवर त्यांनी आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं. भाचीच्या लग्नाच्या माहितीपत्रकात 'मुलीचा रंग' या रकान्यात 'प्रकाशावर अवलंबून' असं लिहिणारा हाच माणूस.

लेन्स त्यांना मेहुण्याने दिली. मेहुणा अंबरीश पुण्याचा. त्याने ती लँडस्केप काढण्यासाठी हौसेने घेतली होती. पण त्याच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीखेरीज दुसरं लँडस्केप दिसत नव्हतं, आणि या लेन्समधून ती इमारत मागे कोसळत असल्यासारखी दिसायची. असा एक फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेल्यावर समोरच्यांच्या दोन फ्लॅटचे व्यवहार मोडले. मग भाऊबीजेला भोपाळला येताना त्याने ती डबीसकट आणली आणि बहिणीला ओवाळणी घालताना मेहुण्याच्या गळ्यात घातली.

वझलवारांनी अल्ट्रा-वाइड लेन्स वापरण्याचे नियम इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि खात्याच्या पद्धतीप्रमाणे त्यांना क्रमांक दिले. नियम एक : या लेन्समध्ये जवळचं प्रचंड आणि दूरचं नगण्य दिसतं. नियम दोन : म्हणून फोटोत जवळ काहीतरी हवंच. नियम तीन : त्या काहीतरीच्या जवळ जा. नियम चार : तुम्हाला वाटतं आहे त्याहून जवळ जा. नियम पाच : कॅमेरा पातळीत ठेवा. (यासाठी ते अशोका गार्डनमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याची लेव्हल घेऊन आले. बुडबुडा मध्यभागी आल्याशिवाय ते फोटो काढत नसत. दरम्यान सूर्य बुडायचा.) सहावा नियम इंटरनेटवर नव्हता. तो त्यांना अनुभवातून मिळाला.

पहिली मोहीम अर्थातच बडा तालाब. भोपाळचा माणूस कॅमेरा घेतो तो बडा तालाब काढण्यासाठी, आणि पाहुणा येतो तोही बडा तालाब बघण्यासाठी. वझलवार सलग सहा रविवार सपत्नीक काठावर गेले आणि त्यांनी चारशे बारा फोटो काढले. नियम एक अत्यंत काटेकोरपणे लागू झाला. पलीकडचा काठ धड दिसू नये एवढं ते पाणी. पण सगळ्या फोटोंमध्ये ते शर्टाच्या दोऱ्याएवढं आलं. बाकी फोटोत काय होतं याची त्यांनी तपासणी केली. शहाण्णव फोटोंत त्यांचे स्वतःचे बूट. एकतीसमध्ये ट्रायपॉडचा पाय. अठ्ठेचाळीसमध्ये काठावरचा सिमेंटचा बाक, किल्ल्यासारखा. आणि सात फोटोंत डाव्या कडेला एक अनोळखी, गोदरेजच्या कपाटाएवढी रुंद बाई.

ती त्यांची पत्नी मंजूषाबाई निघाली. वझलवारांनी त्यांना फोटोत येऊ नये म्हणून बाजूला उभं केलं होतं. परंतु एकशे नऊ अंशांना बाजू अशी नसते. या लेन्समध्ये मधलं माणूस मापात राहतं आणि कडेचं ताणलं जातं. मंजूषाबाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मग लहान करून पाहिला. लहान केला तरी त्या कमी झाल्या नाहीत. "तुम्ही बाजूला हो म्हणालात, मी झाले," त्या म्हणाल्या. "इतकी बाजूला झाले हे मला माहीत नव्हतं." त्या संध्याकाळी सहावा नियम झाला : पत्नीला मध्यभागी ठेवावं, नाहीतर घरी ठेवावं. लग्नाच्या एकोणतिसाव्या वर्षी मंजूषाबाईंना चौकटीत मध्यवर्ती स्थान मिळालं ते असं.

आता पाण्याविषयी.

वझलवारांचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. इमारतीच्या मागे, कडुनिंबाखाली, पाण्याच्या लाइनीचा एक वॉल्व होता. तो सतरा महिन्यांपासून गळत होता. गळतीमुळे पाण्याचा जोर इतका कमी झाला होता की तळमजल्यावरच्या किन्हीकरांना धार, पहिल्या मजल्याला थेंब आणि दुसऱ्या मजल्याला आवाज, असं वाटप होई. नळ सोडला की वझलवारांकडे आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि बंद व्हायचा. त्यामुळे पाणी खालून वर न्यावं लागे. रोज अकरा बादल्या, अडतीस पायऱ्या. चार बादल्या ड्युटीला जाण्यापूर्वी वझलवार नेत, सात मंजूषाबाई. मंजूषाबाईंचा डावा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. डॉक्टरांनी त्यांना जिने चढू नका आणि वजन उचलू नका असं सांगितलं होतं. (दोन्ही एकाच वेळी करू नका, असं त्यांनी सांगितलं नव्हतं.) त्यातल्या त्यात सोय एवढीच होती की बादली थेट त्या गळक्या वॉल्वखाली लावता यायची. वाया जाणारं पाणी, कुणाला विचारायला नको.

वझलवारांनी देखभाल कार्यालयाकडे चौदा तक्रारी केल्या. चौदाही वेळा 'गळती किरकोळ स्वरूपाची असून नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर आलं. कार्यालयाची ही तत्परता वाखाणण्यासारखी होती. काही उत्तरं तर तक्रार पोचण्याच्या आदल्या तारखेची होती. पंधराव्या वेळी मात्र फॉर्म बदलला. नव्या फॉर्मवर एक ओळ होती : 'गळतीचा संपूर्ण विस्तार स्पष्ट दिसेल असे एक छायाचित्र जोडावे.'

संपूर्ण विस्तार. एका छायाचित्रात. वझलवारांच्या आयुष्यात लेन्स का आली याचं उत्तर त्यांना त्या क्षणी मिळालं.

रविवारी उजाडताच ते खाली उतरले. वॉल्वच्या पाण्याचं कडुनिंबाखाली एक डबकं झालं होतं. वझलवारांनी आधी टेपने माप घेतलं. लांबी साडेनऊ फूट, रुंदी सहा फूट, खोली सव्वादोन इंच. मग उभ्याने फोटो काढला. त्यात चार इमारती एकमेकींकडे पाठ करून कोसळत होत्या आणि मध्ये रुपयाएवढं ओलं काहीतरी दिसत होतं. हे पाहून कार्यालय पुन्हा 'किरकोळ' म्हणणार हे उघड होतं. नियम तीन. ते बसले. डबकं थाळीएवढं झालं. नियम चार. ते पोटावर पडले, लेन्स पाण्यापासून चार इंचांवर आणली, लेव्हलमधला बुडबुडा मध्यभागी आणला आणि बटण दाबलं.

फोटो पाहून मुलगी सुरुची (आर्किटेक्चर, चौथं वर्ष) खिडकीतून खाली डोकावून आली. "बाबा, ये अपना पीछेवाला नल है?" तिने विचारलं. "हे तर एकदम काश्मीर दिसतंय, यार." वझलवारांनी 'यार'कडे दुर्लक्ष केलं. पण तिचं म्हणणं मापात होतं. फोटोत क्षितिजापर्यंत पाणी होतं. पाण्यात उगवतीचे ढग होते. दूरवर एक निर्जन बेट होतं (वीट). त्यावर एक पक्षी ध्यानस्थ उभा होता (साळुंकी). पलीकडच्या काठावर एक प्राचीन छत्री धूसर दिसत होती (पंपहाऊस). मंजूषाबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं की यात गळती कुठे आहे. वझलवार म्हणाले, ही सगळी गळतीच आहे. त्यांनी फोटो तक्रारीला जोडला.

तीन दिवसांनी त्यांना कार्यालयात बोलावणं आलं. सतरा महिन्यांत पहिल्यांदा. तिथल्या बाबूंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, फोटो टेबलावर ठेवला, आणि अत्यंत सद्भावनेने सांगितलं, "लीकेज होता तो हम आज ही बनवा देते, साहब. ये तो तालाब है. तालाब हमारे यहाँ नहीं आता."

वझलवारांनी टेपचं माप दाखवलं. बाबू म्हणाले, लिहायला काय, काहीही लिहिता येतं. फोटोत तर दिसतंय. एकतीस वर्षं वझलवारही सुपरवायझरांना हेच सांगत आले होते : कागद बाजूला ठेवा, वस्तू दाखवा. प्रकरण नियमानुसार 'जलस्थळ शोध व संवर्धन प्रकोष्ठ' या कार्यालयाकडे वर्ग झालं.

या प्रकोष्ठाविषयी वाचकांच्या मनात आदर निर्माण व्हावा म्हणून थोडी माहिती देणं भाग आहे. शहरातले तलाव शोधून काढणं हे प्रकोष्ठाचं काम. वर्षाचं उद्दिष्ट नवे पाच तलाव. भोपाळसारख्या शहरात एखादा तलाव नजरेतून सुटणं अवघड. तरीही त्या वर्षी प्रकोष्ठाने चार शोधले होते. (त्यांतले दोन मागल्या वर्षी शोधलेलेच होते, पण या वेळी दुसऱ्या बाजूने.) मार्च तोंडावर आला होता आणि एक तलाव कमी पडत होता. अशा वेळी वझलवारांचा फोटो पोचला. त्या दिवशी कार्यालयात समोसे वाटले गेले असं म्हणतात.

पाहणीला सक्सेनासाहेब स्वतः आले. सोबत दोन सहायक, एक दुर्बीण आणि लाइफ जॅकेट. मंजूषाबाई त्या वेळी वॉल्वखाली बादली लावून उभ्या होत्या. त्यांनी पदर सावरून वाट दिली. सक्सेनासाहेबांनी डबक्याकडे पाहिलं. मग फाइलमधल्या फोटोकडे. मग पुन्हा डबक्याकडे.

"मौके पर थोड़ा कम दिख रहा है," ते म्हणाले.

वझलवारांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आहे ते एवढंच आहे, फोटोत ते लेन्समुळे तसं आलं, आणि तसं यायला चार इंचांवर कॅमेरा धरून पोटावर पडावं लागतं. आपण सगळं उघड केलं, आता प्रकरण मिटेल, असं त्यांना वाटलं. पण सक्सेनासाहेब कर्तव्याला चुकणारे नव्हते. त्यांनी सहायकाकडे दुर्बीण दिली, हातरुमाल पसरला आणि ते पोटावर पडले. वझलवारांनी कॅमेरा त्यांच्या डोळ्यासमोर धरला. मग जमिनीलगत आवाज आला, "अद्भुत." पंचनामा त्यांनी पडल्या पडल्याच लिहिला, उठल्यावर मत बदलू नये म्हणून.

त्या पंचनाम्यातल्या काही नोंदी अशा. नाव : बरखेडा लघु तलाव. बेटं : एक, निर्जन. स्थलांतरित पक्षी : एक, काळसर. कमळ : एक (हे वेफर्सचं पाकीट होतं, फेरतपासणीत वगळलं). लांबी-रुंदी : अर्जदाराने दिलेली मापं छायाचित्राशी जुळत नसल्याने ग्राह्य धरलेली नाहीत. खोली : पाण्यात कडुनिंबाचं झाड शेंड्यापर्यंत उलटं दिसत असल्याने किमान चाळीस फूट. मुख्य जलस्रोत : नैसर्गिक झरा, लोखंडी.

पुढचं सगळं नियमाने झालं. तलाव जाहीर झाल्यामुळे त्याच्या जलस्रोताला हात लावायला परवानगी लागू झाली. म्हणजे वॉल्व दुरुस्त करणं हा गुन्हा ठरला. दुपारी एक ते पाच लाइन बंद असते, तेव्हा तलाव आटतो असं निदर्शनाला आलं. म्हणून ती लाइन अखंड चालू ठेवून वॉल्व आणखी अर्धा आटा सैल करण्यात आला. दुसऱ्या मजल्यावर आता खाकरल्याचा आवाजही येईना. काठावर फलक लागला : 'गहरा पानी. तैरना मना है.' त्याखाली आणखी एक : 'अवलोकन ऊँचाई – चार इंच.' तलाव केवळ चार इंचांवरूनच दिसतो ही तांत्रिक बाब असल्यामुळे दर्शनासाठी चटया आल्या. लोक सकाळी रांगेने येत, चपला काढत, चटईवर पालथे पडत, मोबाइलचा कॅमेरा रुंद करायला पॉइंट फाइव्ह करत, आणि उठून एकमेकांना दाखवत. उभ्याने पाहणाऱ्यांना चौकीदार हटकायचा.

महाराष्ट्र मंडळाचे सचिव रवींद्र किन्हीकर, म्हणजे तळमजल्यावरचे धारवाले, यांच्या स्वयंपाकघराची खिडकी याच बाजूला उघडत होती. त्यांनी गुढीपाडव्याच्या पत्रिकेत पत्ता छापताना 'तलावासमोर' असं छापलं. मंडळाने वझलवारांचा शाल देऊन सत्कार केला. इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही : वझलवारांना हे आवडलं. एकतीस वर्षं ते इतरांच्या कामावर शिक्के मारत होते. त्यांच्या कामावर कुणी हिरवा शिक्का मारला तो पहिल्यांदाच. प्रकोष्ठाने त्यांना मानद तलाव-छायाचित्रकार नेमलं. ते रोज पहाटे खाली जाऊन पोटावर पडू लागले. चार बादल्यांची वेळ तीच होती. त्यामुळे अकराही मंजूषाबाईंकडे आल्या.

आणि त्याच सुमाराला एका सकाळी मंजूषाबाईंनी नेहमीप्रमाणे वॉल्वखाली बादली लावली, तर चौकीदाराने हात जोडले. "भाभीजी, तालाब से पानी लेना मना है. स्तर गिरता है." मग किन्हीकरांच्या नळावरून पाणी न्यायचं ठरलं. किन्हीकरवहिनींनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त बादली भरेपर्यंत त्या दारात उभ्या राहून तलावाच्या देखाव्याविषयी बोलत.

मंजूषाबाईंनी नवऱ्याला सांगितलं ते एकदाच. सगळ्यांना लेखी कळवा की हे डबकं आहे. वझलवारांनी दोन रात्री विचार केला. मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. त्यांनी साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स लावली, उभ्याने फोटो काढला, शेजारी टेप पसरून ठेवली, साडेनऊ फूट स्पष्ट दिसेल अशी. सोळावी तक्रार. प्रकोष्ठाचं उत्तर आठवड्यात आलं : 'आपण पाठविलेले छायाचित्र उत्तम आहे. तथापि अरुंद लेन्समुळे त्यात तलावाचा केवळ साडेनऊ फूट भाग येऊ शकला आहे. संपूर्ण तलाव यावा यासाठी आपलीच रुंद लेन्स वापरावी, ही विनंती.' वझलवारांनी ते पत्र तीनदा वाचलं. त्यात चूक सापडेना. त्यांनी ते मंजूषाबाईंपासून लपवून लेन्सच्या डबीत ठेवलं.

लोकार्पणाचा दिवस ठरला. आदल्या सायंकाळी मंजूषाबाई सातवी बादली घेऊन वर येत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्याने ऐन वेळी अंग काढून घेतलं. त्या पडल्या नाहीत. कठडा धरून खाली बसल्या. बादली मात्र पायऱ्या मोजत खाली गेली. वझलवार आतून धावत आले तेव्हा पाणी जिन्यावरून उतरत होतं आणि मंजूषाबाई भिजलेल्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे आता सांडलं, तेही तलावात धरायचं का?"

वझलवारांनी त्यांना हात देऊन वर नेलं, गुडघ्याला शेक दिला, आणि सांडलेली धरून उरलेल्या पाच बादल्या स्वतः आणल्या. मग ते लेन्स पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मांडव, फुलांच्या माळा, सक्सेनासाहेब, किन्हीकर, मंडळाची कार्यकारिणी आणि प्रमुख पाहुणे. (पाहुण्यांना पालथं करायला दोघं आणि सरळ करायला चौघं लागले. मधल्या वेळात त्यांनी तलाव पाहून समाधान व्यक्त केलं.) नारळ फुटला. मग सगळे काठावर ओळीने उभे राहिले आणि मानद छायाचित्रकारांनी अधिकृत फोटो काढावा असं ठरलं. मंडळाच्या कार्यकारिणीत कडेला कोण, यावर थोडी कुजबुज झाली, कारण सहावा नियम आता वसाहतीत सर्वांना माहीत होता.

वझलवारांनी लेव्हल लावली. बुडबुडा मध्यभागी आणला. फोटोत जवळ काहीतरी हवंच होतं. त्यांनी मान वळवून पाहिलं. मांडवाच्या मागे, किन्हीकरांच्या दारातून मंजूषाबाई भरलेली लाल बादली घेऊन निघाल्या होत्या. लोकार्पण असलं तरी वरणाला पाणी लागतंच.

"मंजू," वझलवारांनी हाक मारली. लोकांसमोर त्यांनी बायकोला नावाने हाक मारल्याची नोंद यापूर्वी नाही. "बादली घेऊन इकडे ये. मध्ये."

त्या आल्या. त्यांनी बादली खाली ठेवली. वझलवार पोटावर पडले आणि लेन्स बादलीपासून दोन इंचांवर नेली. बुडबुडा एका कडेला गेला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.

त्या फोटोत बादली आभाळापर्यंत होती. तिच्यामागे मंजूषाबाईंचा कडीवरचा हात, शिरा दिसतील असा. आणि कडीच्या खालून, मसुराच्या दाण्यांएवढे, प्रमुख पाहुणे, सक्सेनासाहेब, किन्हीकर, मांडव, फलक आणि संपूर्ण बरखेडा लघु तलाव. सगळं आलं होतं. कुणीही कापलं गेलं नव्हतं. वझलवारांनी हा फोटो सतराव्या तक्रारीला जोडला आणि खाली एकच वाक्य लिहिलं : 'ही बादली माझी पत्नी रोज अकरा वेळा दुसऱ्या मजल्यावर नेते.' एवढी खरी तक्रार त्यांनी आयुष्यात केली नव्हती. मंजूषाबाईंनी फोटो पाहिला, या वेळी मोठा-लहान न करता, आणि हा चांगला आलाय म्हणाल्या.

देखभाल कार्यालयाचं उत्तर एकोणीस दिवसांनी आलं. ते संपूर्ण देणं हेच योग्य.

'आपल्या छायाचित्राचे बारकाईने अवलोकन करण्यात आले. इमारतीलगत लाल रंगाची, अंदाजे पंचेचाळीस फूट उंचीची पाण्याची टाकी अगोदरच उभारलेली असून ती काठोकाठ भरलेली असल्याचे स्पष्ट दिसते. इतक्या उंचीवरून दुसऱ्या मजल्यास पाणी न मिळण्याचे कारण दिसून येत नाही. आपल्या पत्नी सदर टाकी रोज अकरा वेळा उचलून नेतात हे विधान अतिशयोक्त वाटते. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. टाकी विनापरवाना असल्यास पंधरा दिवसांत खुलासा करावा.'

खुलासा घ्यायला दोन माणसं आली. त्यांनी इमारतीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकी सापडली नाही, मग बाल्कनीतून दिसेल म्हणून दुसऱ्या मजल्यावर चढली. वर येईपर्यंत घामाघूम. त्यांनी टाकीविषयी विचारण्याआधी पाणी मागितलं. मंजूषाबाईंनी दिलं. दोन-दोन पेले.

आजची स्थिती अशी आहे. तलाव उत्तम आहे. गेल्या पावसाळ्यात तो बारा फुटांवर गेला. त्याचा तो पहिला फोटो आजवर पावणेतीन लाख लोकांनी पाहिला असून त्यांतले बहुसंख्य महाराष्ट्रातले आहेत, कारण सुरुचीच्या एका मैत्रिणीने तो मराठी प्रवासाच्या ग्रुपवर टाकला. तुम्हालाही तो आला असेल. तुम्ही त्याखाली अंगठा दाखवून 'एकदा जायलाच हवं' असं लिहिलं असेल, आणि तुम्ही जालही. हे वाचून तर नक्कीच; डबकं आहे हे इतकं सविस्तर सांगितल्यावरही तुमच्या मनात तो फोटोच राहिलेला आहे, तुमचा दोष नाही, त्याचा उजेडच तसा आहे. तुम्ही चटईवर पडाल, पॉइंट फाइव्ह कराल, कपडे झटकून उठाल. मग इमारतीच्या पाट्यांवर 'अ. वा. वझलवार' हे नाव वाचून परमुलखात आपलं माणूस भेटल्याचा आनंद तुम्हाला होईल, आणि मराठी पर्यटक जगात कुठेही करतो तेच तुम्ही कराल : जिना चढून बेल वाजवाल आणि ओळखपाळख नसताना हक्काने म्हणाल, वहिनी, जरा पाणी.

वहिनी नाही म्हणत नाहीत. आतापर्यंत एकशे चाळीस जण येऊन गेले.

जरूर या. फक्त वर येताना किन्हीकरांच्या नळावरून एक बादली भरून घेऊन या.